आधी जमिनीखालचं बांधा, मग घर

वणवा विझल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असते, घर. साहजिक आहे. ज्याचं सगळं जळून गेलंय त्याला आधी डोक्यावर छप्पर हवं. तरीही माझं ठाम मत आहे की पुनर्बांधणीचा पहिला पैसा जमिनीखाली जायला हवा. पाणी, सांडपाणी, रस्त्याखालच्या मोऱ्या हे आधी. हा क्रम उलटला की नव्या घरासमोरचा नवा रस्ता पुन्हा खोदावा लागतो, आणि नळाला पाणी येऊनही ते पिता येत नाही.

पाण्याचं नीट समजून घ्या. घर जळतं तेव्हा त्याची नळजोडणी फुटते. अशा शेकडो जोडण्यांतून एकदम पाणी वाहून जातं, त्यात अग्निशमनाचा उपसा. टाक्या रिकाम्या होतात, वाहिनीतला दाब कोसळतो आणि पाइप उलटा ओढायला लागतो. फुटक्या तोंडांतून धूर, काजळी, राख आत जाते. शिवाय मीटरपासून घरापर्यंतचा प्लॅस्टिकचा पाइप स्वतःच करपतो. या दोन्हींतून पाण्यात बेंझिन, म्हणजे कर्करोग घडवणारं रसायन, उतरतं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या टब्स वणव्यानंतर सांता रोझामध्ये ते लिटरमागे ४०,००० मायक्रोग्रॅम सापडलं, २०१८ च्या कॅम्प वणव्यानंतर पॅराडाइजमध्ये २,००० च्या वर. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे ५, कॅलिफोर्नियात १.

पाणी उकळून प्या, हा सल्ला इथे घातक आहे. बेंझिन वाफेबरोबर उडतं आणि बंद स्वयंपाकघरात श्वासातून आत जातं. वास येत नाही म्हणजे पाणी चांगलं, हेही खोटं. वास यायला लागतो तो मर्यादेच्या कितीतरी पट वर गेल्यावर. आणि सगळ्यात मोठी फसगत नमुन्यात होते. प्लॅस्टिकच्या भिंतीत बेंझिन मुरतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं बाहेर येत राहतं. नळ पाच मिनिटं सोडून नमुना भरला तर अहवाल स्वच्छ येतो. तेच पाणी पाइपात ७२ तास उभं राहू द्या, मग तोटी उघडताक्षणी पहिली धार बाटलीत घ्या, बाटली काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवू नका. खरं चित्र तेव्हा दिसतं.

म्हणून कामाचा क्रम असा हवा. जळालेल्या प्रत्येक प्लॉटची जोडणी मुख्य वाहिनीपाशी बंद करायची. जाळं व्हॉल्व्हनी छोट्या भागांत तोडायचं, एकेका भागात दाब आणायचा, भरपूर धुवायचं, थांबायचं, तपासायचं. जळालेल्या घराची प्लॅस्टिकची जोडणी वाचवण्याच्या फंदात पडू नये. ती तपासत बसण्यापेक्षा बदललेली परवडते. नवी टाकताना मीटरला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह हवाच.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोऱ्या. रस्त्याखालून नाला नेणारे जाड प्लॅस्टिकचे पाइप आतून जळून जातात. वरून डांबर शाबूत, खाली पोकळी. राडारोड्याचा पहिला भरलेला ट्रक तिथेच खचतो. प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या सेप्टिक टाक्यांचं तसंच. झाकण वितळलेलं, वर राखेचा थर, आणि यंत्र थेट वरून जातं. काम सुरू होण्याआधी टाकी आणि शोषखड्डा शोधून भोवती खुंट्या ठोकून दोरी बांधावी. अर्ध्या तासाचं काम आहे. रस्त्याचा शेवटचा डांबराचा थर मात्र राडारोडा उचलून आणि सगळ्या वाहिन्या टाकून झाल्यावरच.

राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. तिच्यात शिसं, आर्सेनिक, जुन्या घरांचं ॲस्बेस्टॉस असतं. आधी गॅसच्या टाक्या, रंग, कीटकनाशकं, बॅटऱ्या वेगळ्या काढायच्या. लिथियम बॅटरी काही आठवड्यांनीही पेट घेऊ शकते. मग राख ओली करून, ट्रकच्या हौद्यात प्लॅस्टिक अंथरून, वरून गुंडाळून न्यायची. त्यानंतर ३ ते ६ इंच माती खरवडायची आणि उरलेली तपासायची. लॉस एंजेलिसच्या २०२५ च्या वणव्यांनंतर केंद्रीय यंत्रणांनी ६ इंच खरवडल्यावर पुढची तपासणी केली नाही. मला हे अजिबात पटत नाही. ज्या अंगणात मुलं खेळणार तिथली माती न तपासता ताबा देणं म्हणजे काम अर्धवट सोडणं.

जुना पाया वाचवावासा वाटतो, कारण तेवढाच उभा दिसतो. काँक्रीटला गुलाबी छटा आली असेल तर ते साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर तापलेलं असू शकतं. प्रत्येक खडीत हा रंग येत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. गाभ्याचे नमुने काढून ताकद मोजा. काँक्रीटच्या आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला स्लॅब असेल तर वापरूच नये, असं माझं मत.

घराबद्दल थोडक्यात. बहुतेक घरं ज्वाळेने नाही, उडत आलेल्या निखाऱ्यांनी जातात. छप्पर न जळणारं, वळचण बंद, हवेच्या झरोक्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक धातूची जाळी, भिंतीलगत पहिल्या दीड मीटरमध्ये झाडझुडूप नाही, लाकडाचा भुसा नाही. लाकडी कुंपण घराला भिडतं तो शेवटचा तुकडा धातूचा करा. ते कुंपण वातीसारखं जळत भिंतीपर्यंत येतं.

तुमच्या वस्तीचं वेळापत्रक बैठकीत वाचलं जाईल तेव्हा एक ओळ शोधा, ७२ तास उभ्या पाण्याची तपासणी. ती घराच्या भोगवटा प्रमाणपत्रानंतर लिहिलेली असेल, किंवा कुठेच नसेल, तर त्याच बैठकीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.