वैमानिक कोसळतो तेव्हा केबिन क्रू नेमके काय करतो

समाजमाध्यमांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : उड्डाणात वैमानिक बेशुद्ध पडला, तर केबिन क्रूपैकी कोणीतरी कॉकपिटमध्ये जाऊन विमान उतरवते, कारण त्यांना त्याचे प्रशिक्षण दिलेले असते, सहवैमानिक बहुधा शिकाऊच असतो, आणि आजची विमाने आपोआप उतरत असल्यामुळे नियंत्रण कक्षातून सांगतील ती बटणे दाबली की काम भागते. पुराव्यादाखल परदेशातील एक-दोन बातम्यांचे मथळे जोडलेले असतात. केबिन क्रूचा गौरव करावा हाच लिहिणाऱ्यांचा हेतू असावा. परंतु या गौरवामुळे त्यांचे खरे काम झाकले जाते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सहवैमानिक शिकाऊ असतो, हे विधान आधी बाजूला सारू. प्रवासी जेट विमानात उजव्या आसनावर बसणारी व्यक्ती त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, परवाना मिळवून बसलेली असते आणि एकट्याने विमान उतरवण्याचा सराव तिने सिम्युलेटरमध्ये केलेला असतो. दोघांपैकी एक निकामी झाला तर दुसऱ्याने विमान सांभाळावे, हेच दोन वैमानिक ठेवण्यामागचे एक मोठे कारण आहे. याचे उदाहरण आपल्या नागपुरातच घडले आहे. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेले बिमान बांगलादेशचे बोइंग ७३७ विमान रायपूरच्या आसपास असताना कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. विमान नागपूरकडे वळवण्यात आले आणि शंभरहून अधिक प्रवाशांसह सहवैमानिकाने ते सुखरूप उतरवले. कॅप्टनचे काही दिवसांनी नागपुरातच रुग्णालयात निधन झाले. २०१५ साली फिनिक्सहून बोस्टनला जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात कॅप्टनचा मृत्यू झाला, तेव्हाही सहवैमानिकानेच विमान सिरॅक्यूजला उतरवले. वैमानिक आजारी पडण्याच्या घटना बहुतांशी अशाच संपतात, आणि प्रवाशांना पुष्कळदा त्या उतरल्यावरच कळतात.

विमान आपोआप उतरते, या विधानात सत्याचा अंश आहे. दाट धुक्यात स्वयंचलित उतरण करण्याची सोय अनेक मोठ्या विमानांत असते. पण त्यासाठी धावपट्टीवरून योग्य दर्जाचे मार्गदर्शक रेडिओ संकेत मिळावे लागतात, ते पकडण्यासाठी यंत्रणा लावून द्यावी लागते, वेग टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) व चाके योग्य वेळी माणसालाच खाली करावी लागतात. यांपैकी एखादी पायरी चुकली तर चूक ओळखण्यासाठी आधी विमान समजलेले असावे लागते. संकटात एक बटण दाबताच स्वतः धावपट्टी निवडून उतरणारी यंत्रणा २०२० पासून काही छोट्या खासगी विमानांसाठी प्रमाणित झाली आहे, आणि तिच्या चित्रफिती पाहून हा गैरसमज वाढला असावा. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये ती नाही. २०२२ साली फ्लोरिडात एका प्रवाशाने नियंत्रकाच्या सूचनांवर विमान उतरवले हेही खरे आहे, पण ते एक इंजिनाचे छोटे सेस्ना होते.

आता मथळ्यांकडे वळू. जून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोला जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात सहवैमानिक आजारी पडला. वैमानिकाचा परवाना असलेली एक फ्लाइट अटेंडंट त्याच्या जागी बसली. ‘फ्लाइट अटेंडंटने विमान उतरवले’ असे त्या घटनेबद्दल आजही लिहिले जाते. प्रत्यक्षात विमान कॅप्टनने उतरवले. तिने चेकलिस्ट वाचून दाखवण्यासारखी मदत केली. त्याआधी जानेवारी २००८ मध्ये टोरंटोहून लंडनला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिकाचे मानसिक संतुलन ढळले. केबिन क्रूने त्याला कॉकपिटबाहेर काढले, आणि त्यांच्यातल्याच व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवलेल्या एका सदस्येने उजव्या आसनावर बसून कॅप्टनला साहाय्य केले. विमान आयर्लंडमधील शॅनन येथे उतरले, आणि आयर्लंडच्या अपघात तपास विभागाच्या अहवालात तिच्या मदतीची चांगली नोंद आहे. दोन्ही घटनांत कॅप्टन शुद्धीवर होता आणि मदत करणारी व्यक्ती योगायोगाने विमानविद्या शिकलेली होती. हा योगायोग वगळून उरलेल्या गोष्टीला ‘प्रशिक्षण’ म्हणणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे.

दोन्ही वैमानिक निकामी झाले आणि केबिन क्रूपैकी एक जण कॉकपिटमध्ये पोहोचला, अशी घटनाही घडलेली आहे, आणि ती या मजकुरात कधीच नसते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये केबिनमधील हवेचा दाब आपोआप राखण्याचा स्विच ‘मॅन्युअल’वर, म्हणजे हाताने चालवण्याच्या स्थितीत, राहिला होता. विमान वर चढत गेले, प्राणवायू विरळ झाला आणि दोन्ही वैमानिकांची शुद्ध हरपली. ऑटोपायलटवर विमान अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिले. तपासायला गेलेल्या ग्रीक एफ-१६ विमानांच्या वैमानिकांना अखेर एक माणूस कॉकपिटमध्ये शिरून कॅप्टनच्या जागी बसताना दिसला. तो अँड्रेआस प्रोड्रोमू हा फ्लाइट अटेंडंट होता. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, पण बोइंग ७३७ चालवण्याचे शिक्षण नव्हते. तो बसल्यावर थोड्याच वेळात इंधन संपून इंजिने एकामागून एक बंद पडली, आणि ग्रामातिको गावाजवळच्या डोंगराळ भागात विमान कोसळून सर्व १२१ जणांचा मृत्यू झाला. त्या तरुणाच्या धैर्याविषयी मला अतीव आदर आहे. तरीही ही घटना समोर असताना ‘केबिन क्रू विमान उतरवतो’ असे निर्धास्तपणे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मग केबिन क्रूला शिकवतात ते काय? आसनावर बेशुद्ध पडलेला वैमानिक पुढे कलंडला की त्याचे वजन नियंत्रण दांड्यावर येते आणि पाय पेडलवर दाबले जातात. म्हणजे शुद्धीवर असलेल्या वैमानिकाला विमान सांभाळताना सहकाऱ्याच्या शरीराशीही झगडावे लागते. बोलावणे येताच आत जाणाऱ्या केबिन क्रूने त्याला खांद्यांना धरून मागे ओढायचे, खांदेपट्टे घट्ट करून कुलूपबंद करायचे, पाय पेडलवरून काढायचे आणि आसन शक्य तितके मागे सरकवायचे असते. कॉकपिटची जागा इतकी अरुंद असते की अचेतन माणसाला आसनातून बाहेर काढणे दोघांनाही जड जाते, म्हणून अनेकदा त्याला तिथेच बांधून ठेवून प्राणवायूचा मुखवटा लावतात. पुढे प्रथमोपचार, प्रवाशांत डॉक्टर किंवा वैमानिक आहे का याचा शोध, आणि वैमानिकाने मागितल्यास चेकलिस्ट वाचून दाखवणे ही कामे येतात. आसन सरकवण्याचा खटका कुठे आहे, पट्टा कसा अडकवायचा, हे हातांना आठवावे म्हणून त्याची उजळणी घेतली जाते. दुसऱ्या वैमानिकाला विमान चालवण्यासाठी पूर्ण मोकळे करणे, हा या साऱ्याचा हेतू असतो.

हे काम किती मोलाचे असू शकते ते १० जून १९९० रोजी दिसले. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कारण पुढे कळले : काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टपैकी ८४ योग्य मापापेक्षा कमी जाडीचे होते. कॉकपिटमध्ये आलेल्या नायजेल ऑग्डेन या स्टुअर्डने झेप घेऊन कॅप्टनची कंबर पकडली. कॅप्टनचे पाय नियंत्रण दांड्यात अडकले होते, गोठवणारा वारा आत घुसत होता. ऑग्डेन थकल्यावर इतर सहकाऱ्यांनी कॅप्टनचे पाय धरून ठेवले. कॅप्टन गेले असावेत असे सगळ्यांना वाटत होते. तरीही त्यांनी सोडले नाही. सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदम्प्टनला उतरवले, आणि कॅप्टन वाचले. नियंत्रणांना हात न लावता त्या स्टुअर्डांनी एक जीव वाचवला.

अनेक विमान कंपन्यांत वैमानिक स्वच्छतागृहात जाताना केबिन क्रूपैकी एक जण कॉकपिटमध्ये येऊन थांबतो, तो ‘गरज पडल्यास विमान हाती घेण्यासाठी’, असेही सांगितले जाते. तो मुख्यतः कॉकपिटचे बंद दार आतून उघडता यावे यासाठी थांबतो. २६ मे २०१० रोजी दुबईहून पुण्याला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात कॅप्टन बाहेर असताना आसन सरकवणाऱ्या सहवैमानिकाचा धक्का नियंत्रण दांड्याला लागला, विमान नाक खाली करून वेगाने उतरू लागले, आणि घाबरलेल्या सहवैमानिकाला दार उघडणे सुचेना. कॅप्टनला दाराबाहेरून आणीबाणीचा संकेतांक (कोड) वापरून आत यावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रँकफर्टहून सेव्हिलला जाणाऱ्या लुफ्तान्साच्या विमानात तर कॅप्टन बाहेर असताना सहवैमानिकच बेशुद्ध पडला, आणि सुमारे दहा मिनिटे विमान ऑटोपायलटवर चालत राहिले. कॅप्टनने नेहमीचा संकेतांक पाच वेळा दाबून पाहिला, केबिन क्रूने आतला फोन वाजवला, शेवटी आणीबाणीचा संकेतांक दाबल्यावर अर्धवट शुद्धीवर आलेल्या सहवैमानिकानेच दार उघडले. त्या वेळी केबिन क्रूपैकी कोणी कॉकपिटमध्ये असते, तर कॅप्टन काही क्षणांतच आपल्या आसनावर परतला असता.