रेघ काढायचे किती?

"तुमच्या नावात आमच्यापेक्षा एक रेघ कमी आहे, आणि पैसे मात्र जास्त मागताय. हे कसं काय?"

काल दुपारी एका गृहस्थांनी मला फोनवर हा प्रश्न विचारला. तेव्हापासून मी उत्तर शोधतोय. चार-पाच फर्मास उत्तरं सापडलीही, पण ती सगळी फोन ठेवल्यावर.

झालं असं, की सहा वर्षांपूर्वी एका रात्री मला धंद्याची कल्पना सुचली आणि सकाळ व्हायच्या आत मी डॉटकॉमचं एक नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन टाकलं. नाव इथे सांगत नाही. दोन इंग्रजी शब्द आहेत. एकात छत्री आहे, दुसऱ्यात घाई. धंदा झाला नाही, नाव राहिलं, आणि दरवर्षीचं नूतनीकरण राहिलं. लोक फुकटात नावं ठेवतात. मी सहा वर्षं पैसे भरून नाव ठेवलं. शेवटी ठरवलं, विकून टाकू.

आधी आठ महिने त्या पानावर 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी लावून बसलो. एकजण आला. नाव त्याला फार आवडलं, मागितलेली किंमत तो घासाघीस न करता द्यायला तयार झाला (तिथेच कळायला हवं होतं), फक्त अमुक एका ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र तेवढं आणा म्हणाला. फी मी भरायची. ही जुनी चाल आहे; ग्राहक आणि प्रमाणपत्रवाला एकाच माळेचे मणी असतात. मला ती वेळेत कळली, पण त्याआधीचा अर्धा तास मी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होतो. माणसाला अशी स्वप्नं पडतात त्याला कारण आहे. २०१९ साली 'व्हॉइस' हा एकच शब्द, पुढे डॉटकॉम, ३ कोटी डॉलरला गेला. आणि १९९५ पर्यंत ही नावं चक्क फुकट मिळायची! पहिलं डॉटकॉम १५ मार्च १९८५ला सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीनं नोंदवलं. त्या काळात ज्यांनी डोळे उघडे ठेवले त्यांनी आवाज, पैसा, घर, गाडी असले शब्द उचलले. मला उरली घाईची छत्री.

जाणकार म्हणतात, गिऱ्हाईक येत नाही, ते शोधावं लागतं. तुमचंच नाव डॉटनेट किंवा दुसऱ्या शेपटानं कोणी घेतलंय ते बघा. पुढे-मागे 'ऑनलाइन', 'माय' असलं ठिगळ लावून कोण काम भागवतंय ते बघा. त्या शब्दांच्या शोधावर पैसे मोजून जाहिराती कोण देतंय ते बघा. मी बघितलं. वहीत एक्केचाळीस नावं लिहिली. मग कळलं की माणूस सापडला तरी त्याचा पत्ता सापडत नाही. युरोपचा खासगीपणाचा कायदा २०१८मध्ये लागू झाला, तेव्हापासून नोंदणीच्या जाहीर माहितीत मालकाचं नाव, फोन, ईमेल बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं. म्हणजे 'संपर्क साधा'चा तो फॉर्म भरायचा, ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखून आपण यंत्र नाही हे सिद्ध करायचं, आणि उत्तर यंत्राकडून घ्यायचं. एकाच माणसानं स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं: 'आम्हाला तुमच्या यादीतून काढा.' मी वहीत त्याच्यावर काट मारली.

मग ते गृहस्थ. छत्र्याच विकतात, नाव अगदी माझंच, फक्त दोन शब्दांच्या मधे आडवी रेघ. यापेक्षा सोयीचं स्थळ शोधून सापडलं नसतं. शिवाय त्यांच्या पानावर फोन नंबर उघडा होता.

"अहो, रेघ नसणं हेच तर चांगलं," मी म्हणालो. "लोक टाइप करताना रेघ विसरतात."

"आमचे नाही विसरत."

"विसरतात, साहेब. विसरले की माझ्या पानावर येतात."

पलीकडे शांतता. मग कागद सरकवल्याचा आवाज. "म्हणजे आमची गिऱ्हाइकं तुमच्याकडे येतात?"

"येतच असणार," मी उत्साहानं म्हणालो. मला वाटलं, मासा लागला.

"किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं आमची माणसं तुमच्याकडे येतायत. त्यांचं काय करता तुम्ही?"

"काही नाही. पाटी दिसते त्यांना."

"म्हणजे परत पाठवता."

"तसं नाही..."

"पावसात," ते म्हणाले.

आता यावर माणसानं काय बोलावं? मी चक्क सॉरी म्हणालो. विकायला गेलेला माणूस मी, आणि दोन मिनिटांत नुकसानभरपाईच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. "मग खरं तर तुम्हीच आम्हाला काहीतरी द्यायला हवं," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो रेघेचा प्रश्न विचारला. मी भाव निम्म्यावर आणला. ते म्हणाले, "घाई काय आहे? तुमची मुदत पुढच्या महिन्यात बारा तारखेला संपतेय ना? त्यानंतर तुमचे सवलतीचे दिवस, मग दंड भरून सोडवायचे ३०, मग आणखी ५. नाव मोकळं होईल. आम्ही थांबतो."

फोनवर बोलता बोलता त्यांनी माझी नोंद उघडली होती. नाव-पत्ता झाकणाऱ्यांनी मुदतीची तारीख तेवढी उघडी ठेवलीय. दुकान कोणाचं ते गुपित, दिवाळं कधी निघणार ते जाहीर. याचा मला अजून संताप येतोय. आणि खरा राग असा, की ते चूक नव्हते. मीही नूतनीकरण करणार नव्हतो.

रात्री केलं. एका वर्षाचं करायला बसलो होतो, पण 'पावसात' हा शब्द आठवला आणि यादीतलं सगळ्यात खालचं, नऊ वर्षांचं बटण दाबलं. त्याहून जास्त देत नाहीत, नाहीतर घेतली असती.

आज सकाळी त्यांची मेल आली. 'नूतनीकरण झालेलं दिसलं. अभिनंदन. या नावाची तुम्हाला एवढी ओढ आहे, तर आमचं रेघवालंही घेऊन टाकता का? जोडी होईल. भाव तुम्ही काल सांगितलात तोच, अधिक रेघेचे.'

मी उत्तर दिलेलं नाही. त्यांची नोंद उघडून बघितली, इतकंच. मुदत सप्टेंबरात संपतेय. तेवीस तारीख.