साडेसात घ्या, तीन इंची पाणी येतं

काल बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका दुकानात मला ‘जरा बाजूला उभे राहता का’ असं सांगण्यात आलं. गिऱ्हाईक मी होतो. पैसे माझ्या खिशात होते. हातातली टेपही माझीच होती.

नर्मदेकाठी पडलेल्या जुन्या 14 फुटी फायबरच्या होडीला मोटर हवी होती. बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची मोटर, मिळाली ती शेतीपंपांच्या दुकानात, कोपऱ्यात, पोत्याखाली. वेरावळकडून आलेली, सेकंडहँड, 15 हॉर्सपॉवर.

मी आधी विचारलं, ‘‘शाफ्ट 15 इंची की 20?’’ शाफ्ट म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. तो आधी विचारला कारण ही मोटर होडीची मागची फळी बघून घ्यायची असते, हॉर्सपॉवर नंतर. मोटर जिथे अडकवायची तिथे, मधोमध, फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत उभी टेप धरायची. 15-16 इंच भरलं तर शॉर्ट शाफ्ट, 20च्या आसपास भरलं तर लाँग. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली बसली पाहिजे. शाफ्ट आखूड पडला की पंखा हवा खातो. इंजिन नुसतं किंचाळतं आणि होडी तिथेच. लांब झाला तर पाण्यात लोढणं, आणि उथळ पाण्यात पंखा आधी वाळूत.

दुकानदार म्हणाला, ‘‘वीसचा आहे.’’ आणि शेजारच्या स्टुलावर चहा पीत बसलेले एक काका दचकले.

‘‘वीस फूट?’’

‘‘वीस इंच, काका.’’

‘‘वीस इंचांवर पाणी लागतं तुमच्याकडे?’’ काकांनी कप खाली ठेवला. ‘‘कुठे आहे ही जमीन?’’

‘‘जमीन नाही. होडी आहे. ही होडीची मोटर.’’

‘‘पाण्यातच सोडायची ना? मग झालं तर. पंधरा कशाला घेता, लाइटबिल भरता भरता दमाल. माझ्या पादऱ्याच्या बोअरवर साडेसातची आहे. साडेसात घ्या, तीन इंची पाणी येतं.’’

ही पेट्रोलवर चालते म्हटल्यावर त्यांना माझी खरोखर दया आली. ‘‘कनेक्शन मिळालं नाही का तुम्हाला?’’ दुकानदाराने लगेच विचारलं, ‘‘काका, तुमच्याकडे पाणी किती फुटांवर?’’ आणि तिथून पुढे, बाजूला उभा राहून, मी पादरा तालुक्याची भूजलपातळी ऐकली.

एवढ्या वेळात मला काही सांगू दिलं असतं तर सांगितलं असतं की 14 फुटी होडी संथ चालवायची तर तिची मर्यादा पाचेक नॉट, म्हणजे ताशी 9 किलोमीटर. त्याला 5-6 हॉर्सपॉवर पुरे. त्याहून जोरात जायचं तर होडीला स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्यावर सरकावं लागतं, आणि तीन माणसं बसवून ते करायचं तर 15 तरी हवी. पण टू-स्ट्रोक पंधराचं वजन 36 किलोच्या आसपास, फोर-स्ट्रोकचं 50च्या पुढे. ते ओझं ज्या फळीवर टांगायचं ती फायबरची दिसते, पोटात मात्र प्लायवुड असतं. जुन्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. ठणठणीत आवाज आला तर बरं, भद्द आला तर आतून, खालच्या बाजूला 3 मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा, फिकट भुसा आला तर भोक इपॉक्सीने बुजवून टाकायचं. काळा, ओला आला तर आतलं फायबर कापून कुजकं खरवडायचं आणि पाण्यात टिकणाऱ्या आयएस 710 मरीन प्लायचे 18 मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने बसवायचे. मोटर त्यानंतर. सुताराला साधं कमर्शियल प्लाय स्वस्त पडतं, आणि तो तेच लावू बघतो.

सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज दुकानात नव्हतं. दोन्ही सिलिंडरच्या दाबात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मोटर घ्यायची नाही, पण मोजणार कशाने? खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइल पाहिलं. ते दुधासारखं पांढरं असतं तर सील गेलेलं. सुदैवाने नव्हतं. मग ‘पाण्याच्या पिंपात चालवून दाखवा’ म्हणून अडून बसलो. कोरडी चालवली तर थंडाव्याचं पाणी खेचणारा आतला रबरी इम्पेलर पाहता पाहता जळतो.

मोटर सुरू झाली. मागून थंडाव्याच्या पाण्याची करंगळीएवढी धार पडू लागली. ही धार म्हणजे इंजिनाला पाणी मिळतंय याची खूण. मी खूश. काका मात्र स्टुलावरून उठून, वाकून ती धार बघत राहिले.

‘‘पंधरा हॉर्सपॉवरला एवढंच पाणी?’’

दुकानदारालाही, मी शपथेवर सांगतो, क्षणभर लाज वाटली. त्याने भाव दोन हजारांनी उतरवला.

तेलावरून पुन्हा वाजलं. ही टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं: लिटरभर पेट्रोलला 20 मिलिलिटर, तेही टीसी-डब्ल्यू 3, म्हणजे होडीच्या इंजिनांसाठीचं हवं. तो स्कूटरचं देत होता. आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून नळ्या बदलून मागितल्या. त्यावर नुसती मान हलली. लाइफ जॅकेट विचारलं तर म्हणे ऑर्डर द्यावी लागेल, आणि ‘घेतं कोण साहेब?’ जानेवारी 2024 मध्ये बडोद्यातल्याच हरणीच्या तलावात सहलीची मुलं बुडाली, त्याच गावात हे उत्तर. होडीत माणसं किती बसवणार, हे तर त्या दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

निघताना काका माझ्या बाजूने बोलले. ‘‘एवढे पैसे देतायत, निदान पाइप तरी फ्री द्या यांना.’’

दुकानदाराने तो मात्र लगेच मोजून कापला.