ऑस्ट्रेलियातल्या ‘वाढलेल्या’ गुन्ह्यांचा हिशेब

एका ऑस्ट्रेलियन पोलिसाच्या नावाने फिरणारा हा मेसेज मूळचा ईमेलच्या जमान्यातला, 2000 सालाच्या आगेमागेचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने लोकांच्या 6,40,381 बंदुका हिसकावून नष्ट केल्या, त्यावर 50 कोटी डॉलर उधळले आणि बारा महिन्यांत खून 3.2 टक्क्यांनी, मारहाण 8.6 टक्क्यांनी, सशस्त्र लूटमार 44 टक्क्यांनी वाढली. व्हिक्टोरिया राज्यात तर बंदुकीने होणारे खून 300 टक्क्यांनी वाढले. म्हणजे काय, तर सामान्य माणूस निःशस्त्र झाला की गुंडांचं फावतं. पंचवीस वर्षं उलटली, पण मेसेजमधले ते बारा महिने काही सरलेले नाहीत.

आधी ‘हिसकावून’ बद्दल. 28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे एकाच माणसाने 35 जणांना मारलं. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांत पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी (हे डावे वगैरे नव्हेत, पक्के उजवे) सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. अर्धस्वयंचलित (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफली आणि शॉटगन म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुका, शिवाय पंप-ॲक्शन (हाताने दांडा मागेपुढे ओढून भरायच्या) शॉटगन सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. त्या जमा करणाऱ्यांना मोबदला दिला गेला आणि त्यासाठी आरोग्य कराचा दर तात्पुरता 0.2 टक्क्यांनी वाढवला. बाकीच्या बंदुका लोकांकडेच राहिल्या, फक्त परवाना, नोंदणी आणि सबळ कारण सक्तीचं झालं. आज तिथे नोंदणीकृत बंदुका 40 लाखांच्या घरात आहेत. याला निःशस्त्र देश कसं म्हणायचं?

मेसेजचा सगळा डोलारा उभा आहे तो ‘बंदुकीच्या धाकाने चोर घाबरायचे’ या गृहीतकावर. पण खिशात पिस्तूल घेऊन फिरणारा ऑस्ट्रेलियन 1996 च्या आधीही नव्हताच. पिस्तुलांवर कित्येक दशकांपासून कडक निर्बंध होते. जमा झाल्या त्या मुख्यतः लांब नळीच्या बंदुका, शेतावरच्या आणि शिकारीच्या. मेलबर्नच्या पेट्रोल पंपावर सुरा दाखवणाऱ्याला त्यांचा धाक कधी होता?

खुनांची 3.2 टक्के वाढ ऐकायला मोठी वाटते. त्या काळात देशभरात वर्षाला तीनशेच्या वर खून होत. त्याचे 3.2 टक्के म्हणजे दहा-अकरा. इतका चढउतार दर वर्षी, कायदा बदलो न बदलो, होतच असतो. व्हिक्टोरियाचे 300 टक्के त्याहून पोकळ, कारण एका राज्यात बंदुकीने होणारे खून वर्षाला मोजकेच आणि इतक्या लहान संख्येवर टक्केवारी लावली की ती कुठेही उडी मारते. मूळ संख्या न देता नुसता टक्का देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. देशभरात बंदुकीने झालेले खून 1996 साली शंभरावर होते (त्यातले 35 एकट्या पोर्ट आर्थरचे), 1998 साली ते साठच्या आत आले. मेसेजमध्ये याचा पत्ता नाही.

लूटमारीचा आकडा मात्र नुसता उडवून लावता येत नाही. नव्वदीच्या अखेरीस तिथे सशस्त्र लूटमार खरोखरच वाढली. पण पोलिसी नोंदीत ‘सशस्त्र’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे. सुरा, काठी, अगदी इंजेक्शनची सुईसुद्धा त्यात येते. हेरॉइनचा सुळसुळाट झालेली ती वर्षं होती आणि व्यसनापायी दुकानं, पेट्रोल पंप लुटले जात होते. 2001 च्या सुरुवातीला हेरॉइनचा पुरवठा आटला आणि त्यानंतर लूटमारही उतरणीला लागली. बंदुकांचा कायदा मात्र सैल झाला नव्हता. वाढ त्याच्यामुळे झाली असती, तर घट कशामुळे?

आता आपल्या, म्हणजे बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणणाऱ्या, बाजूच्या उत्साही मंडळींसाठीही एक गोष्ट. ‘कायदा आला आणि बंदुकीचे मृत्यू निम्म्यावर आले’ हेही तितकं सरळ नाही. मृत्यू घटले हे खरं: 1996 साली पाचशेच्या वर, पुढे दोनशेच्या घरात. पण त्यात मोठा वाटा आत्महत्यांचा आहे आणि बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनच कमी होत होत्या. 1996 नंतर घसरणीचा वेग वाढला, त्याचं किती श्रेय कायद्याला द्यायचं यावर संशोधकांत आजही वाद आहे. सामूहिक गोळीबारांबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. पाच किंवा अधिक बळी घेणारे 13 गोळीबार 1996 पर्यंतच्या 18 वर्षांत झाले, पुढची वीसेक वर्षं एकही नाही.

नंतर ते झाले. 14 डिसेंबर 2025 रोजी सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या हनुका सणात 15 जणांचा बळी गेला. ‘बघा, कायदा असूनही’ असं म्हणणाऱ्यांनी तपशील पाहावा: हल्लेखोरांपैकी एकाकडे रीतसर परवाना होता आणि त्याच्या नावावर सहा बंदुका होत्या. एका माणसाला किती बंदुका, याला न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनी याच राज्यात) तेव्हा मर्यादाच नव्हती. त्या राज्याने डिसेंबर संपायच्या आत ती घातली: माणशी चार, शेतकऱ्यांना दहा.