हळदीने लिकेज जात नाही, नुसतं झाकलं जातं

महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांकडून आला, त्यात दोनदा तर आमच्या मामांकडूनच. "पिकअपवाल्यांनो, कूलंट कमी होतंय? गॅरेजला पैसे घालवू नका. रेडिएटरमध्ये 2 चमचे हळद टाका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, थर्मोस्टॅट काढून फेका आणि झाकण जरा ढिलं ठेवा म्हणजे प्रेशरच बनणार नाही. लिकेज कायमचं बंद." मामा, राग मानू नका, पण यात एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि बाकीची सगळी इंजिन खाली उतरवायची तयारी आहे.

अर्धी खरी म्हणजे हळद. जुने ड्रायव्हर टाकायचे आणि चालायचं पण, कारण रेडिएटरच्या जाळीला सुईएवढं भोक असेल तर पाण्यासोबत हळदीचा कण तिथे जाऊन अडकतो आणि थेंब थांबतो. रात्री माळशेजला अडकलात, मागे टोमॅटोचे क्रेट आहेत आणि सकाळी वाशीला पोचायचंय, तर टाका, मी नाही म्हणणार नाही. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही ना. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, नळ्या चपट्या आणि बारीक, तोच गाळ तिथे बसतो आणि पुढच्या घाटात गाडी हीट व्हायला लागते. आणि होज म्हणजे रबरी पाईप फाटलाय, पंपाचं सील गेलंय किंवा हेड गॅसकेट (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं पॅकिंग) उडालंय, तिथे हळद काय करणार?

साधं पाणी. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो" हे बरोबर, आणि पाणी उष्णता चांगली ओढतं हेही बरोबर. पण कूलंट काय फक्त गोठू नये म्हणून नसतं, त्यात गंज धरू नये म्हणून केमिकल असतं, आणि आपल्याकडे भरतात ते बोअरचं पाणी, ज्याने घरातल्या गिझरचं काय होतं ते बघितलंयच. तोच पांढरा थर इंजिनच्या आत बसतो. रस्त्यात अडलात तर पाणी भरा, पण घरी आल्यावर काढून कूलंट भरा, कंपनीने सांगितलेलंच, नुसता रंग बघून नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, त्याचा लिकेजशी काहीही संबंध नाही. तो साधारण 82 ते 88 डिग्रीला उघडतो, काढला की डिझेल इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनात तर तो काढल्यावर बायपास उघडाच राहतो म्हणजे थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच फिरत राहतं. संपला विषय.

सगळ्यात घातक ते झाकण. झाकण 0.9 बार प्रेशर धरणारं असेल तर साधं पाणीसुद्धा 118 डिग्रीच्या आसपास जाऊन उकळतं, ढिलं ठेवलं की 100 लाच, घाटमाथ्यावर त्याच्याही आधी. म्हणजे थेंब थांबवायला गेलात आणि सगळं पाणीच वाफ होऊन गेलं. त्यात पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो, काटा कधीकधी खाली येतो, आपल्याला वाटतं गाडी थंड झाली आणि आत हेड वाकत असतं. आणि गरम गाडीचं झाकण उघडून तोंड भाजून घेणारे तर दर उन्हाळ्यात भेटतात.

मग लिकेज शोधायचं कसं? आमची पिकअप रोज अर्धा लिटर खात होती आणि चालत्या गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता. रात्री खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवून ठेवला, सकाळी बघतो तर खालच्या होजच्या बरोबर खाली हिरवा ठिपका. थंड झाल्यावर क्लिप ढिली पडायची आणि गरम झालं की रबर फुगून परत बंद, म्हणून दिवसा सापडतच नव्हतं. होजचं टोक कडक झालं होतं आणि पाईपवर वाळलेल्या कूलंटचा खडूसारखा थर. तो पॉलिश पेपरने घासला, नवीन होज, दोन नवीन क्लिपा, हजाराच्या आत काम.

पुठ्ठ्यावर काहीच नाही पडलं तर फिटरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या, इंजिन थंड असताना हातपंपाने झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर भरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का बघायचं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओल दिसली तर पंप गेला समजा, ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, एकाने तिथे एम-सील भरलेलं मी बघितलंय, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं. आणि बाहेर कुठेच ओल नाही पण रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, पांढरा धूर थांबत नाहीये किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, तर गाडी चालवूच नका, टो करून न्या.

भरताना सावकाश भरा, हवा निघू द्या, कूलंटच्या बाटलीवर पातळीची मार्करने खूण करा. आमची खूण तिसऱ्या खेपेनंतरही तिथेच होती. सांडलेलं कूलंट मात्र लगेच धुवून टाका, गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

आणि मामा, तुमचं पाणी अजून पिवळंच येतंय म्हणालात ना, आधी रेडिएटर फ्लश करून घ्या, मग पुठ्ठा ठेवू.