म्हैस = 1956

भाची सरळसेवा भरतीला बसतेय हे कळल्यावर मी ऐटीत सांगून टाकलं, "क्लास कशाला लावतेस? माझ्या 2012 च्या नोट्स आहेत की माळ्यावर!"

माळा रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचा आणि महिना आषाढ. पत्र्याची ट्रंक उघडली तर वह्या ओल धरून पुरीसारख्या फुगलेल्या. पान सोडवायला गेलो तर घटनेचं कलम 21 समोरच्या पानावरच्या सावित्री नदीला चिकटून आलं. बाकीचा अभ्यास कसरीनं केला होता. आईनं वह्या न्हाणीच्या चुलीशेजारी सुपात पसरल्या, वर "मेल्या, तेव्हा एवढं वाचलं असतंस तर" हेही ऐकवलं.

भाची म्हणाली, "मामा, वह्या नकोत. फ्लॅशकार्डं करून दे, मी अँकीत टाकते." अँकी हे मोबाईलवरचं पाठांतराचं ॲप; जपानीत अँकी म्हणजे पाठांतरच. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं की कार्ड चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं विचारायचं. चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून.

"म्हणजे आंब्याची अढी," आई म्हणाली. "कच्चा परत पेंढ्यात, उद्या पुन्हा बघायचा."

मी पहिलं कार्ड केलं. पुढे 'पंचायत राज सांगा', मागे दोन पानं. भाचीनं ते लांब धरून वाचलं. "मामा, ही लग्नपत्रिका झाली. फक्त 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' राहिलंय. एका कार्डावर एकच गोष्ट!"

मग तोडायला बसलो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला रत्नागिरीत कधी आणलं? 1886. थिबा पॅलेस कधीचा? 1910. राजा कधी वारला? 1916. एकट्या थिबानं सकाळ खाल्ली. आणि तोडता तोडता माझ्या नोट्सचं बिंग फुटत गेलं. महाराष्ट्रात जिल्हे 35! पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाल्याचं माझ्या वहीला कोणी कळवलंच नव्हतं. नियोजन आयोगाचा तक्ता मी चार रंगांच्या पेनांनी काढला होता, बाण तर असे की फ्रेम करावी. तो आयोग जाऊन 2015 साली नीती आयोग आला. बरं, तो आयोग होता तेव्हा तरी मला कुठे पाठ होता? बाण रंगवले की अभ्यास झाला, असं वाटायचं. शिवाय प्रत्येक ओळीपुढे 'आयएमपी'. अख्ख्या वहीत आयएमपी नसलेली एकच गोष्ट सापडली, शेवटच्या पानावरचा वडापावचा हिशेब.

आणि मग ते पान आलं. लाल शाईत, तीनदा अधोरेखित: 'म्हैस = 1956. विसरू नकोस!!'

राज्य पुनर्रचना कायदा 1956 चा. आयुर्विमा महामंडळ 1956 चं. दुसरी पंचवार्षिक योजनाही तेव्हाचीच. म्हैस कशातच बसेना. तीन दिवस जेवताना हात थांबायचा. आई म्हणाली, "तुमच्या क्लासवाल्यांची असेल."

शेवटी कार्ड करूनच टाकलं. पुढे म्हैस, मागे 1956.

"अर्थ काय याचा?"

"तो मागाहून आठवेल."

अर्थ लागतोच असं नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थांनी दोन हजारांवर निरर्थक अक्षरगट तयार करून ते स्वतःच पाठ केले, किती दिवसांत किती विसरतो ते मोजलं आणि 1885 साली त्यावर पुस्तक काढलं. अर्थ असला की जुनी ओळख मदतीला धावते, म्हणून मुद्दाम निरर्थक. त्यांना माझी वही मिळती तर निम्मे कष्ट वाचले असते.

मध्ये पावसानं पाच दिवस लाईट घालवली. मोबाईल पेटला तेव्हा दोनशेवर कार्डं तुंबलेली. भाची ओटीवर बसली, मी विचारायला. थिबा पुन्हा चुकला. जिल्ह्यांचं उत्तर तिनं बरोबर दिलं, पण ती 36 म्हणायच्या आत मीच 35 बोलून गेलो.

"म्हैस?"

"1956!" भाची ओटीवरून आणि आई स्वयंपाकघरातून, एकदमच.

भाचीनं 'सोपं' दाबलं. आता म्हैस गणपती झाल्यावर.