सही करायच्या आधी हे विचारा

प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरतं तेव्हा आपल्याकडं डॉक्टरांसमोर पेशंटशेजारी मुलगा बसलेला असतो आणि फाईल सुनेच्या हातात. अशा वेळी साठीतला माणूस ‘ताठरतेचं काय होणार?’ हे विचारणार कसं? हा विषय संमतीपत्रावर सही व्हायच्या आधी डॉक्टरांनीच काढला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पाच मिनिटं मुलाला बाहेर बसवा, बायकोला आत घ्या. ‘या वयात आता काय करायचंय’ म्हणून उडवून लावणं हा त्या जोडप्यावर अन्याय आहे.

आधी ऑपरेशन कुठलं ते समजून घ्या. प्रोस्टेटची ग्रंथी वाढून लघवी तुंबते म्हणून दुर्बिणीनं आतून खरवडतात, त्यात ताठरता बहुधा टिकते. मात्र बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्यानं अपाय होत नाही, पण कुणी सांगितलंच नसेल तर माणूस हबकतो.

कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढतात तेव्हा गोष्ट वेगळी. ताठरतेच्या नसांचे दोन जुडगे ग्रंथीला दोन्ही अंगांनी चिकटून जातात. त्या वाचवून ऑपरेशन करायची पद्धत सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 साली अमेरिकेत सुरू केली. पण कॅन्सर नसांपर्यंत पोचला असेल तर त्या काढाव्याच लागतात. वाचवल्या तरी ताण बसून, उष्णता लागून त्या मंदावतात आणि सावरायला दीड-दोन वर्षंही घेतात. म्हणून नेमकं विचारा: दोन्ही बाजूच्या नसा वाचतील, एका बाजूच्या, की एकही नाही? शुगर किंवा तंबाखू असेल तर तेही लपवू नका.

ऑपरेशननंतर ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी देतात; ती संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यायची, तीही हलक्या पोटी. मटणाचं ताट आणि रस्सा ओरपून घेतली तर असर उशिरा आणि कमी होतो. मनात इच्छा नसेल तर ती काही करत नाही, आणि दोन्हीकडच्या नसा गेल्या असतील तर तिचा फारसा उपयोग नाही. मग लिंगावर लावून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप असतो; ती टिकवायला बुडाशी बसवलेली रिंग 30 मिनिटांच्या आत काढायची. लिंगात टोचायचं इंजेक्शनही असतं, त्यानं ताठरता 4 तासांवर राहिली तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

छातीत दुखल्यावर जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्यांनी सिल्डेनाफिलला हातसुद्धा लावू नये, बीपी जीवघेणं खाली येतं. स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात असलेली ‘आयुर्वेदिक’ पुडीही टाळा, कारण अशा कित्येक पुड्यांत सिल्डेनाफिलच न सांगता मिसळलेली सापडते.